परसातील उंच 'मलबारी सुपारी' : हा खरा सायकस सर्सिनॅलिस आहे का, आणि त्याच्या बिया का रुजत नाहीत?

पाणंद यांचा प्रश्न

नमस्कार. आमचे मूळ घर सावंतवाडी तालुक्यात असून घरामागच्या परसात, विहिरीच्या वरच्या अंगाला, एक उंच सायकस (माडासारखे दिसणारे शोभेचे झाड) उभा आहे. आजोबांनी तो साधारण साठ वर्षांपूर्वी कारवारकडच्या एका स्नेह्यांकडून आणला, एवढीच माहिती घरात शिल्लक आहे. घरात सगळे त्याला 'मलबारी सुपारी' म्हणतात. गेल्या महिन्यात बांबूला खुणा करून मी त्याची उंची मोजली, तेव्हा नुसते खोडच पाच मीटरांच्या थोडे वर भरले. त्यावर सुमारे दोन मीटर लांब पानांचा झुबका आहे तो वेगळा. खोडावर माडासारखी गुळगुळीत वळी नाहीत. जुन्या पानांच्या देठांचे बुंधे एकावर एक बसून खवल्यांचे चिलखत झाले आहे आणि हात फिरवला की ते खरखरीत लागते.

पानांची दले सपाट, चकचकीत आणि वीतभराहून थोडी लांब आहेत. त्यांच्या कडा खाली वळलेल्या नाहीत आणि मधोमध एकच शीर दिसते. नवी पाने फुटतात तेव्हा प्रत्येक दल घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले असते आणि चार-सहा दिवसांत उलगडते. गणेशचतुर्थीला वाडीतील लोक मखरासाठी दोन-चार पाने मागून नेतात. एवढा एक उपयोग सोडला तर या झाडाकडे आजवर कोणी फारसे लक्ष दिलेले नाही.

माझी खरी अडचण बियांची आहे. एखाददुसरे वर्ष वगळता दर उन्हाळ्यात शेंड्यावर पानांऐवजी पिवळसर लव असलेल्या, कोबीच्या गड्ड्यासारख्या मिटलेल्या फण्या येतात. पुढे त्या उघडून खाली झुकतात आणि पावसाळा सरल्यावर त्यांच्या दोन्ही कडांना कोंबडीच्या लहान अंड्याएवढ्या नारिंगी-पिवळ्या बिया लोंबताना दिसतात. गेली चार वर्षे मी या बिया रुजत घालत आहे. पहिल्या वर्षी जांभ्याची माती आणि शेणखत, दुसऱ्या वर्षी नुसती नदीची रेती, तिसऱ्या वर्षी कोकोपीट आणि गेल्या वर्षी या तिन्हींचे मिश्रण असे सगळे करून झाले. काही बिया सालासकट लावल्या, काही सोलून लावल्या, काही दोन दिवस पाण्यात भिजवून लावल्या. काही पडवीत ठेवल्या आणि काही उन्हात. दीडशेच्या वर बियांपैकी एकही रुजली नाही. आठ-दहा महिन्यांनी उकरून पाहावे, तर कवच जसेच्या तसे आणि आतला गर मऊ पडलेला किंवा वाळून सुटलेला मिळतो.

मध्यंतरी एका रोपवाटिकेतून 'सर्सिनॅलिस' अशी पाटी लावलेली दोन रोपे बऱ्यापैकी किंमत मोजून आणली. वर्षभरात त्यांना कडक, अरुंद आणि कडा वळलेली पाने आली. ती बंगल्यांच्या दारांत दिसणारी नेहमीची बुटकी जात निघाली.

तेव्हा माझे प्रश्न असे. आमचे झाड खरोखर सायकस सर्सिनॅलिस आहे का? असल्यास त्याला कोणती माती, किती पाणी आणि किती ऊन मानवते? आणि रुजवणीत माझी नेमकी कोणती चूक होत आहे? आमच्या मागच्या उतारावर जांभ्याच्या गडग्यालगत अशा आठ-दहा झाडांची रांग उभी करावी, अशी फार इच्छा आहे.

---

निवडुंगप्रेमी

आपण घाई करत आहात असे मला वाटते. सायकसच्या बिया सहा महिने, कधी कधी वर्षभरही, जमिनीत स्वस्थ पडून राहतात. बीवरचा मांसल थर पूर्ण काढावा, कारण त्याने रुजवण लांबते आणि बुरशीही येते. बी आडवी ठेवून अर्धीच रेतीत दाबावी, अर्धी उघडी राहू द्यावी. कुंडी उबदार जागी ठेवावी आणि माध्यम जेमतेम ओलसर असावे. भिजवून चिंब केलेल्या बिया हमखास कुजतात. मी पुण्यात नेहमीच्या बुटक्या जातीच्या बिया याच रीतीने रुजवल्या आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक उगवल्या.

जाता जाता, आपला साबुदाणा याच झाडाच्या खोडापासून करतात असे लहानपणी ऐकले होते, ते खरे असावे.

---

बीजांड

पाणंद, आपण माती पालटलीत, रेती पालटलीत, ऊन-सावली पालटून पाहिलीत. पण आपल्या इतक्या सविस्तर वर्णनात नर झाडाचा उल्लेख कुठेच आला नाही. आपल्या वाडीत किंवा आसपास दुसरा एखादा उंच सायकस आहे का, ज्याच्या शेंड्यावर अननसासारखा पण त्याहून बराच मोठा, नारिंगी छटेचा आणि उग्र वासाचा एकच शंकू येतो? तसा नसेल, तर निवडुंगप्रेमी यांनी सांगितलेली रीत कितीही बरोबर असली तरी आपली एकही बी रुजणार नाही, कारण तिच्यात रुजण्याजोगे काही नाहीच.

सगळे सायकस विभक्तलिंगी असतात, म्हणजे नर वेगळा आणि मादी वेगळी. हे पुष्कळांना ठाऊक असते. फसगत होते ती पुढच्या गोष्टीने. आंबा-फणसात परागण झाले नाही तर फळ धरत नाही, म्हणून फळ दिसले की बी आलीच असे आपण धरून चालतो. सायकस हे प्रकटबीज झाड आहे, त्याला फळच नसते. उघडे बीजांडच वाढून त्याची बी होते. हे बीजांड परागकण मिळाले नाहीत तरी अनेकदा पूर्ण आकाराचे होते. त्यात पिठूळ गर भरतो, कवच कठीण होते, वरचा थर पिवळा-नारिंगी होतो आणि पाहणाऱ्याला ती पक्व बी वाटते. आत फक्त गर्भ नसतो. आपल्या दीडशे बिया बहुधा अशाच वांझ असाव्यात.

याची खात्री घरीच करता येईल. गेल्या हंगामातील, गोळा करून सात-आठ महिने झालेल्या दहा बिया घ्या. ताज्या बिया चालणार नाहीत, कारण सायकसची बी झाडावरून पडते तेव्हा फलित बीमधलासुद्धा गर्भ अगदी इवलासा असतो आणि पुढचे काही महिने तो आतल्या आत वाढत राहतो. बिया फुटायलाही वेळ लागतो तो याचमुळे. हातमोजे घालून मांसल थर काढा, बी चिमट्यात धरून कवचाला करवतीने लांबीच्या दिशेने चीर पाडा आणि मग ती उकला. गर्भ असेल तर गराच्या मधोमध एक पांढरी, काडीसारखी वस्तू सापडेल आणि तिच्या एका टोकाला केसासारखा बारीक, गुंडाळलेला लांब धागा दिसेल. नसेल तर मधे नुसती पोकळ चीर असेल किंवा अखंड गर असेल. बी पाण्यात बुडते की तरंगते यावर निर्णय घेऊ नका. ती कसोटी सायकसमध्ये फसवी ठरते.

बी उकलल्यावर कवचाच्या आतल्या बाजूकडेही लक्ष द्या, कारण जातीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथे आहे. आपल्याकडच्या जुन्या बागांतून 'सर्सिनॅलिस' या नावाने वाढवलेली अनेक उंच झाडे प्रत्यक्षात आग्नेय आशियातून आलेली सायकस रंफी किंवा तिच्या गटातली असतात. त्या गटातील झाडे समुद्रकिनाऱ्यांवर पसरलेली आहेत आणि त्यांच्या बीच्या आत स्पंजासारखा हलका थर असतो, ज्यामुळे बी समुद्रावर तरंगत दूर जाते. सह्याद्रीतल्या खऱ्या सर्सिनॅलिसच्या बीमध्ये हा थर नसतो. दुसरी खूण त्या लवदार फण्यांची, ज्यांना वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत गुरुबीजुकपर्णे म्हणतात. फणीच्या टोकाचे पाते भाल्यासारखे असून त्याच्या दोन्ही कडांना आखूड, टोकदार दाते ओळीने असतील आणि शेवटी एक लांब काटा असेल, तर ते सर्सिनॅलिसकडे झुकते. कडा जवळजवळ साध्या असतील तर रंफीकडे. नेहमीच्या बुटक्या रेव्होल्यूटाची फणी पिसासारखी खोल चिरलेली असते, त्यामुळे तिच्याशी गल्लत होण्याचे कारण नाही.

ही नावांची गल्लत केवळ रोपवाटिकांची नाही. पॅसिफिकमधील गुआम बेटावरच्या झाडांनाही शास्त्रज्ञ कित्येक दशके सर्सिनॅलिसच म्हणत होते. 1994 साली वनस्पतिशास्त्रज्ञ केनेथ हिल यांनी त्यांना सायकस मायक्रोनेसिका असे वेगळे नाव दिले. पूर्वी 'सर्सिनॅलिस' म्हणून जे जे लिहिले गेले, त्यातले बरेचसे असे भलत्याच झाडांविषयीचे आहे. म्हणून लागवडीचे सल्ले वाचताना ते कुठल्या प्रदेशातील झाडाविषयी आहेत हे आधी पाहावे. आज सर्सिनॅलिस हे नाव केवळ भारताच्या पश्चिम घाटातील जातीला लावतात. ती केरळ, कर्नाटक, तमिळनाडू आणि महाराष्ट्राच्या दक्षिण टोकापर्यंत आढळते आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ती 'संकटग्रस्त' म्हणून नोंदलेली आहे.

थोडे विषयाच्या कडेने, पण सावंतवाडीच्या वाचकाला आवडेल असे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली हे नाव दिले तेव्हा त्याने आधार घेतला तो मलबारच्या वनस्पतींवरील 'होर्तुस मलबारिकुस' या ग्रंथातील 'तोड्डा पन्ना' या झाडाच्या चित्रांचा. कोचीचे डच अधिकारी व्हान ऱ्हीड यांनी सिद्ध केलेल्या या ग्रंथाचे 12 खंड 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापले गेले. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांच्या जोडीने रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांनी या कामाला साहाय्य केले होते, आणि त्यांचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र पहिल्याच खंडात छापलेले आहे.

निवडुंगप्रेमी, साबुदाण्याविषयी एकच दुरुस्ती. आपण उपवासाला खातो तो साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून, मुख्यतः तमिळनाडूतील सेलम भागात तयार होतो. मूळ सागो निघतो सागूच्या ताडापासून. सायकसच्या खोडातूनही पिष्ट काढता येते, त्यामुळे नावांचा घोटाळा झाला. परंतु या झाडात सायकसिन नावाचे यकृताला घातक आणि कर्करोगकारक विष असते. कुत्र्याने एखाददुसरी बी चघळली तरी ते दगावू शकते. पाणंद, परसात कुत्रे किंवा लहान मुले असतील तर पडलेल्या बिया रोज उचलाव्यात.

---

मलबारस्थ

मी नोकरीनिमित्त बारा वर्षे कोझिकोडला आहे आणि इथे या झाडाला 'ईंत' म्हणतात, म्हणून थोडे लिहितो. बीजांड यांचे म्हणणे माझ्या पाहण्यातील गोष्टींशी जुळते.

इथे मी ईंत पाहिला आहे तो दाट सदाहरित रानात नव्हे, तर जांभ्याच्या टेकड्यांवर, विरळ झाडीत, झुडपांमधून मान वर काढून उभा असलेला. चार महिने धो धो पाऊस आणि नंतर सहा-सात महिने जवळजवळ कोरडे, अशी ती जागा असते. वणवा लागून गेलेल्या एका उतारावर मला खोडे वरपासून खालपर्यंत काळी पडलेली दिसली होती. महिनाभराने पुन्हा गेलो तेव्हा भोवतालची झुडपे राख झालेली होती आणि प्रत्येक काळ्या खोडावर मात्र पोपटी पानांचा नवा झुबका आला होता. पाणंद यांनी वर्णन केलेले ते खवल्यांचे चिलखत अशा वेळी कामी येते. बुंध्याशी माती खणून पाहिली तर वर्षभर ओल राहणारी जागा क्वचितच सापडते. पाणी दगडांच्या फटींतून निघून जाते आणि मुळे त्यामागोमाग खोल जातात.

इथल्या मुस्लिम कुटुंबांत 'ईंतिन पिडी' नावाचा पिठाच्या गोळ्यांचा पदार्थ करतात आणि तो अतिशय चविष्ट असतो. त्यासाठी बिया फोडून, वाळवून, पाणी बदलत पुन्हा पुन्हा भिजवून मगच पीठ करतात. ज्या घरात ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे तिथेच ती खावी. हे वाचून कोणी स्वतःच्या परसातील बियांवर प्रयोग करू नये, एवढी विनंती.

नर झाडांविषयी जे पाहिले ते सांगतो. नर शंकू औषधी म्हणून विकला जातो. हिंदीत त्याला 'जंगली मदनमस्त का फूल' म्हणतात, यावरून त्याचे गिऱ्हाईक कोण हे ओळखता येईल. शंकू पराग सांडण्याच्या आधीच कापून नेलेली खोडे मी एकाच टेकडीवर तीन पाहिली. अशा टेकडीवर मादी झाडे बियांनी लगडलेली असली तरी त्या बियांचा उपयोग काय, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नव्हता. तो या चर्चेमुळे आला. नवी रोपे तिथे खरोखरच कमी दिसत.

माझ्या घरमालकांच्या आवारात एक नर आहे आणि तो उन्हाळ्याच्या सुरुवातीला शंकू धरतो. पाणंद यांना पराग हवे असतील तर मालकांना विचारून पाठवता येतील. झाड खाजगी आवारातले आहे, त्यामुळे रानातून काही ओरबाडण्याचा प्रश्न नाही.

---

कातळसडा

मी रत्नागिरीजवळ राहतो. माझ्याकडे या जातीची सात रोपे आहेत, त्यांतील सर्वांत मोठे अकरा वर्षांचे आहे. लागवडीविषयी जे हात पोळून शिकलो ते लिहितो.

कोकणात या झाडाला मारतो तो पाऊस नव्हे, साचलेले पाणी मारते. माझी पहिली दोन रोपे मी सुपारीच्या बागेत, पाटाच्या कडेला लावली होती. सुपारीला जे मानवते ते यालाही मानवेल असे गृहीत धरले आणि दुसऱ्या पावसाळ्यात दोन्ही शेंड्यातून अलगद हातात आली. खालचा गड्डा पेजेसारखा झाला होता. त्यानंतरची सर्व रोपे उतारावर लावली. खड्ड्यात जांभ्याचे खडे, जाड रेती आणि कुजलेला पालापाचोळा जवळपास सारख्या प्रमाणात घातला आणि रोप भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच उंचवट्यावर बसवले. आळे करायचे नाही. पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, पण ते गड्ड्याला चिकटू देऊ नये. पाणंद यांची गडग्यालगतची उताराची जागा माझ्या मते उत्तम आहे. विहिरीची ओल मात्र तिथपर्यंत येत नाही ना, हे पाहावे.

पहिली चार-पाच वर्षे झिरपणारे ऊन द्यावे. एखाद्या विरळ झाडाची सावली पुरते. पुढे खोड धरू लागले की पूर्ण ऊन चालते. उलट सतत सावलीत ठेवले तर पाने लांबच लांब होऊन लोळतात. ऐन उन्हाळ्यात रोपांना आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे, मोठ्या झाडाला त्याचीही गरज भासत नाही. कुंडी खोल घ्यावी, कारण रोपाचे सोटमूळ आधी खाली धावते आणि पान नंतर येते. कुंडी बदलताना मातीच्या वरच्या थरात पोवळ्यासारखी फाटे फुटलेली, वर वळलेली गाठाळ मुळे दिसतील. सूत्रकृमींची (मुळांना लागणाऱ्या बारीक कृमींची) गाठ समजून मी ती एकदा कात्रीने छाटली होती. ती छाटू नयेत. त्यांत राहणारे निळे-हिरवे सूक्ष्मजीव हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात, आणि म्हणूनच याला युरियाची फारशी गरज पडत नाही.

घाटावरच्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. माझ्या बहिणीने यातले एक रोप सोलापूरला काळ्या मातीत लावले. त्याची नवी पाने पिवळी, चुरगळलेली आणि टोकाशी जळल्यासारखी येऊ लागली. चुनखडीच्या मातीत मँगॅनीज असले तरी झाडाला घेता येत नाही, त्याचा हा परिणाम. मँगॅनीज सल्फेट दिल्यावर जुनी पाने सुधारली नाहीत, पण पुढचा फुटवा हिरवा आला. जुनी पाने पिवळी आणि नवी हिरवी असे उलट दिसले तर मॅग्नेशियम कमी आहे असे समजावे.

कीड म्हणाल तर सर्वांत जास्त नुकसान एका देखण्या फुलपाखराने केले. प्लेन्स क्युपिड नावाचे नखाएवढे निळसर फुलपाखरू नेमका नवा फुटवा हेरून त्या कोवळ्या, गुंडाळलेल्या दलांवर अंडी घालते. एका सोमवारी मी फुटव्याचे कौतुक करून कामाला गेलो. शुक्रवारी पाहतो तर दलांच्या जागी नुसते तपकिरी देठ उभे होते आणि त्यांवर मुंग्यांची ये-जा चालू होती. भिंगातून पाहिल्यावर हिरव्या, चपट्या अळ्या दिसल्या आणि मुंग्या त्यांना शिंगांनी थोपटत होत्या. अळी गोड रस देते आणि त्या बदल्यात मुंग्या तिची राखण करतात. झाडाला वर्षातून एकदाच पाने फुटत असतील तर हे नुकसान वर्षभर दिसत राहते. आता फुटवा दिसताच मी त्यावर मच्छरदाणीचे कापड सैलसर बांधतो आणि पाने कडक झाली, साधारण तीन आठवड्यांनी, की काढतो. औषध फवारण्याची वेळ आली नाही. दलांच्या खालच्या बाजूला पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी खवले कीड दिसली तर मात्र दिरंगाई करू नये, ती पाने छाटून जाळावीत. गुआममध्ये 2003 नंतर अशाच एका खवले किडीने तिथल्या सायकसची रानेच्या राने वाळवली.

---

पाणंद

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी बिया उकलल्या. करवत घसरू लागली म्हणून शेवटी आजीचा मोठा अडकित्ता काढला आणि त्याने कवच सुरेख उकलले. मलबारी सुपारीला अडकित्ताच लागावा यात नवल नाही. अर्थात तो अडकित्ता आता बाजूला काढून ठेवला आहे आणि पानाच्या तबकात परत जाणार नाही.

एकूण बारा बिया उकलल्या. बाराही बियांत पांढरा, आता काहीसा आकसलेला गर होता आणि एकीतही ती काडी किंवा धागा नव्हता. सात बियांत मधे अरुंद पोकळी होती, बाकीच्यांत तीही नाही. कवचाच्या आत स्पंजासारखा थर कुठेच आढळला नाही. झाडाखाली पडलेल्या वाळक्या फण्या गोळा करून पाहिल्या, तर पात्याच्या दोन्ही कडांना करवतीसारखे बारीक टोकदार दाते आहेत आणि शेवटचा काटा बोटाच्या दोन पेरांएवढा आहे. वाडीत आणि शेजारच्या दोन गावांत विचारले. असे दुसरे झाड कोणालाही ठाऊक नाही. आजोबांनी एकच रोप आणले आणि ते मादी निघाले. साठ वर्षे ते दर हंगामाला वांझ बिया धरत आहे आणि मी चार वर्षे मातीला दोष देत होतो.

मलबारस्थ, पराग अवश्य हवे आहेत. ते कसे साठवावे आणि फण्यांवर नेमके केव्हा व कसे घालावे हे कोणी सांगेल का? शेजारच्या बंगल्यात बुटक्या जातीचा नर आहे. तोवर त्याचे पराग वापरले तर चालेल का?

---

बीजांड

आपण दिलेल्या खुणांवरून झाड सर्सिनॅलिसच असावे असे मला वाटते. कारवारकडून आलेले असणे हेही त्याला पूरक आहे.

बुटक्या जातीचे पराग कृपया वापरू नका. सायकसच्या जाती एकमेकींत सहज मिसळतात आणि बागांमध्ये असे संकर पुष्कळ झालेले आहेत. त्यातून रोपे मिळतीलही, पण ती सर्सिनॅलिसची नसतील, आणि पाच-सात वर्षांनी ती कोणाला दिलीत की पुन्हा एक चुकीची पाटी तयार होईल. या जातीच्या बाबतीत शुद्ध बी मिळणे हीच दुर्मीळ गोष्ट आहे.

मलबारस्थ यांनी शंकूचे खवले सैल होऊन पिवळी पूड सांडू लागली की तो शंकू कोरड्या कागदावर रात्रभर ठेवावा, खाली पडलेली पूड बारीक चाळणीने गाळावी आणि कागदाच्या पुडीत घालून, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या बाटलीत शीतकपाटात ठेवावी. ओल लागू द्यायची नाही, एवढे सांभाळले तर पूड काही आठवडे टिकते, आणि नर-मादीच्या वेळा जुळल्या नाहीत तरी अडत नाही.

आपल्या बाजूने लक्ष ठेवायचे ते फण्यांच्या गड्ड्यावर. तो घट्ट मिटलेला असतो तोवर काही करायचे नाही. फण्या सैल होऊन आत बोट जाईल इतकी फट पडली आणि बीजांडांच्या टोकांवर दवासारखा बारीक थेंब दिसू लागला की ती वेळ. पूड कोरडीच वापरावी. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या रबरी पिचकारीने ती फण्यांच्या आत सर्व बाजूंनी फुंकावी आणि एक-दोन दिवसांच्या अंतराने असे तीन-चार वेळा करावे. यानंतर फलन लगेच होत नाही. परागनलिका बीजांडात काही महिने वाढत राहते आणि मग तिच्यातून पोहणारे नर युग्मक (नर प्रजननपेशी) बाहेर पडतात. सायकसमध्ये ते प्रथम पाहिले गेले 1896 साली, जपानमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ इकेनो यांच्याकडून. तेव्हा बिया पिकल्यासारख्या दिसल्या तरी त्या झाडावरून आपोआप गळेपर्यंत थांबावे, मग सोलून सावलीत दोन-तीन महिने ठेवाव्यात आणि नंतर निवडुंगप्रेमी यांच्या रीतीने अर्ध्या रेतीत दाबाव्यात.

---

कातळसडा

एक भर. सगळ्या फण्यांना पराग घालू नका. चार-पाच फण्यांवर गड्डा सैल होण्याआधीच पातळ कापडाची पिशवी बांधा, देठाला रंगीत दोरा गुंडाळा आणि त्यांच्या बिया वेगळ्या उकलून पाहा. नाही तर रुजवण झाली तरी ती परागामुळे की रेतीमुळे, हे कळणार नाही. पाच मीटरांवर काम करायचे आहे, तेव्हा शिडी खोडाला टेकवू नका, जुन्या देठांचे खवले सुटतात आणि शिडी सरकते. बांबूची तिकाटणी उभी करा.

---

पाणंद

तिकाटणीसाठी बांबू आजच तोडून ठेवले. दोरे लाल घेतले आहेत. गड्डा दिसू लागला की इथे लिहीन.